खोताची वाडी पाहायला येताय? नेहमीचे प्रश्न, शेजारणीची उत्तरं

माझं बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेलं. लग्न होऊन बोरिवलीला आले, तरी महिन्यातला एखादा रविवार पाय चर्नी रोडकडेच वळतात. सोबत कोणी ना कोणी असतंच. कधी ऑफिसातली मैत्रीण, कधी पुण्याहून आलेला भाचा आणि त्याची चार मित्रमंडळी. मग मुंबईत गिरगावातल्याच खोताच्या वाडीत, म्हणजे जुन्या कौलारू, लाकडी घरांच्या त्या वस्तीत, एक चक्कर होते. आता ओळखीपाळखीतून फोन येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. मी वाडीतली नाही, शेजारची. हे आधी सांगितलेलं बरं.

कसं यायचं?

पश्चिम रेल्वेने चर्नी रोड. धीमी गाडी पकडा. जलद गाडीत बसलात तर मुंबई सेंट्रल आणि चर्चगेटच्या मधली सगळी स्टेशनं खिडकीतूनच बघाल. पूर्वेला उतरून गिरगावच्या मुख्य रस्त्यापर्यंत चालत दहा मिनिटं. या रस्त्याचं कागदोपत्री नाव जगन्नाथ शंकरशेठ मार्ग आहे. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशनही सुरू झालंय, त्यामुळे अंधेरी-सांताक्रुझकडून येणाऱ्यांना ते सोयीचं.

पत्ता विचारताना ‘गिरगाव चर्च’ विचारा, म्हणजे सेंट तेरेझा चर्च. त्याच परिसरात वाडीचं तोंड आहे. फोनवरचा नकाशा मुख्य रस्त्यापर्यंत आणून सोडतो. पुढे पानवाल्यावर भरवसा ठेवा. गाडी आणू नका. वाडीत ती शिरणार नाही आणि बाहेर लावायला जागा मिळणार नाही.

चर्नी रोड हे नाव कुठून आलं, हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा तोही उरकून टाकते. सरकारने गुरं चारण्यावर फी बसवली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळ कुरणं विकत घेऊन ती गुरांना मोकळी करून दिली. तिथे गुरांची ‘चरणी’ झाली, म्हणून चर्नी रोड. दुसरी कथा ठाण्याच्या चेंदणीवरून आलेल्या लोकांची आहे. मला पहिली आवडते.

ही मुंबईतली ‘लपलेली गल्ली’ आहे ना?

कोणापासून लपलेली? पोस्टमनला माहीत आहे, गॅसवाल्याला माहीत आहे, दूधवाल्याला तर कोणत्या घरात पाहुणे आलेत तेही माहीत असतं. मुख्य रस्त्यावर बस, हातगाड्या आणि कपड्यांच्या दुकानांची गर्दी असते. त्यातून एका अरुंद बोळात वळलं की वीस पावलांत हॉर्नचा आवाज मागे पडतो आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकू येते. हा बदल इतका अचानक होतो की नव्या माणसाला आपण काहीतरी शोधून काढल्यासारखं वाटतं. ते वाटू द्यावं. फक्त मोठ्याने बोलून दाखवू नये, कारण ऐकणारा तिथे पाच पिढ्या राहत असतो.

‘खोत’ म्हणजे कोण? आणि ‘वाडी’ म्हणजे खेडं का?

कोकणात खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. या वाडीचा खोत म्हणजे दादोबा वामन खोत, जातीने पाठारे प्रभू. पाठारे प्रभू हे मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास या दादोबांच्या जमिनीचे तुकडे पडले आणि ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घेतले. घरं ख्रिस्ती लोकांची आणि नाव हिंदू जमीनमालकाचं. दोनशे वर्षांत ते बदलावं असं कोणाला वाटलेलं नाही.

वाडी म्हणजे मुळात बाग. गिरगाव ही एके काळी नारळीची आणि भाजीपाल्याची जमीन होती. आसपासची नावं नुसती मोठ्याने म्हणून बघा: फणसवाडी, कांदेवाडी, अंबेवाडी, मुगभाट, बोरभाट. आज यांतल्या एकाही ठिकाणी फणस नाही की मूग नाही. पण बागेच्या बांधावरून ज्या पायवाटा होत्या, त्याच पुढे गल्ल्या झाल्या. त्यामुळे खोताच्या वाडीत वाट सरळ जात नाही. ती घराला वळसा घालते, विहिरीपाशी रुंद होते, मग पुन्हा आक्रसते. नगररचनाकाराने आखलेला रस्ता असा कधी वागत नाही.

ही घरं पोर्तुगीजांनी बांधली का?

नाही. सगळ्यात जास्त वेळा चुकीचं सांगितलं जातं ते हेच, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना द्यायचं ठरलं. प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५मध्ये आणि १६६८मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. वसईही १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. वाडीत घरं उभी राहू लागली तोवर पोर्तुगीजांना मुंबईतून जाऊन शतक उलटून गेलं होतं. मग घरांवर पोर्तुगीज वळण आलं कुठून? तर ती बांधणाऱ्यांच्या सवयीतून. सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या इथल्याच मराठी माणसांनी चर्चबरोबर घराची एक ढबही उचलली होती आणि ती कोकणातल्या कौलारू घराला जोडून दिली. घर ख्रिस्ती माणसाचं, जमीन मुळात पाठारे प्रभूची, राज्य इंग्रजांचं आणि ढब पोर्तुगीज. या खिचडीला एकच नाव देता येत नाही, म्हणून लोक सोपं ते देतात.

ईस्ट इंडियन? हे तर पश्चिम किनाऱ्यावर आहेत!

बरोबर. भूगोलाशी या नावाचा संबंध नाही. मुंबई, साष्टी, वसई, ठाणे इथले हे मूळचे रहिवासी. कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, सामवेदी अशा निरनिराळ्या समाजांतून ख्रिस्ती झालेले. मातृभाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात रेल्वे, गोदी आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या निघाल्या, तेव्हा गोवा आणि मंगळूरहूनही ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने मुंबईत आले. आपण त्यांच्यापेक्षा वेगळे, इथलेच आणि कंपनीच्या अमलातले जुने लोक, हे ठसवण्यासाठी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या मंडळींनी कंपनीच्या नावावरून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं.

तेव्हा वाडीत एखाद्या आजींशी बोलायची वेळ आली तर तुटक्या हिंदीत सुरुवात करू नका. सरळ मराठीत बोला. त्यांची मराठी तुमच्यापेक्षा निराळ्या चालीची असेल, पण ती या बेटावर तुमच्या-माझ्या मराठीच्या आधीपासून आहे.

घरांत नेमकं काय बघायचं? सगळी रंगीबेरंगीच दिसतात.

रंग शेवटी बघा. आधी जिना बघा. बऱ्याच घरांना वरच्या मजल्यावर जाणारा जिना बाहेरून आहे, लाकडी आणि चांगलाच चढा. खाली एक बिऱ्हाड आणि वर दुसरं, किंवा खाली बसणं-उठणं आणि वर झोपायच्या खोल्या अशी सोय त्यामुळे होते. घरातली जागा जिन्यात वाया जात नाही. लहानपणी आम्हाला या जिन्यांचा भारी हेवा वाटायचा. आमच्या चाळीचा जिना अंधारा आणि सगळ्यांचा, इथे मात्र प्रत्येकाचा स्वतःचा जिना, तोही उन्हात!

मग व्हरांडा बघा. रस्ता आणि घर यांच्यामध्ये तो एक सैलसर पट्टा असतो. तिथे आरामखुर्ची, कुंड्या, मांजर, वर्तमानपत्र. व्हरांड्यात बसलेला माणूस घरातही असतो आणि वाडीतही. येणारा-जाणारा त्याच्याशी दोन शब्द बोलूनच पुढे जातो. या जागेमुळेच वाडी जिवंत वाटते असं माझं मत आहे, आणि नव्या इमारतींत सगळ्यात आधी तीच नाहीशी होते.

त्यानंतर मान वर करा. उतरत्या छपरावर मंगळूरी कौलं आणि त्यांच्या खाली पागोळ्यांच्या रेषेत लाकडाची नक्षीदार झालर. ही झालर शोभेची वाटते, पण पावसाचं पाणी भिंतीवर न येता बाहेर गळावं म्हणूनही ती असते. बाल्कनीचे कठडे कुठे लाकडी, कुठे ओतीव लोखंडाचे. खिडक्यांना उभ्या झडपा, म्हणजे वारा आत येतो आणि ऊन व बाहेरची नजर अडते. मुंबईच्या हवेत पंखा नसताना माणसं कशी राहत असतील, याचं उत्तर त्या झडपांत आहे.

आणि मग रंग. निळा, पिवळा, गुलाबी, विटकरी. तेही बघा.

वाटेत क्रूस आहे, तो कशाचा?

मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत असे क्रूस जागोजागी दिसतात आणि त्यातले पुष्कळसे प्लेगच्या काळातले आहेत. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि पुढची काही वर्षं शहराची दैना झाली. घरंच्या घरं ओस पडली, लोक गावाकडे पळाले. जे राहिले त्यांनी साथीपासून रक्षण व्हावं म्हणून, किंवा वाचल्याची कृतज्ञता म्हणून, वस्तीच्या तोंडाशी क्रूस उभारले. आपल्याकडे मरीआईचं देऊळ वेशीवर असतं, त्यातलाच हा प्रकार. वाडीतल्या क्रुसाला आजही फुलं असतात. तिथे चपला घालून चढून फोटो काढू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

फोटो काढलेले चालतात का?

गल्लीचे चालतात. घराचे काढायचे तर व्हरांड्यात कोणी बसलं असेल त्याला विचारून. माणसांचे, दोरीवरच्या कपड्यांचे आणि उघड्या दारातून आतल्या घराचे अजिबात नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. स्वतः बोलणी खाल्ली आहेत. काही वर्षांपूर्वी मी एकदम बारा जणांना घेऊन आले होते. सगळ्यांचे फोन बाहेर, दोघीजणी कोणाच्या तरी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून केस सारखे करताहेत आणि मी मध्ये उभी राहून मोठ्या आवाजात इतिहास सांगते आहे. वरच्या बाल्कनीतून एक वयस्क गृहस्थ शांतपणे म्हणाले, “बाई, तिकीट किती लावलंय? आम्हाला पण अर्धे द्या.” सगळे हसले. माझी मात्र मान खाली गेली. त्या दिवसापासून चारपेक्षा जास्त माणसं आणत नाही आणि इतिहास बाहेर चहाच्या टपरीवर सांगते.

लग्नापूर्वीचे फोटो, रील, कपड्यांच्या जाहिराती यांसाठी इथे येणाऱ्यांबद्दल वाडीकर वैतागलेले आहेत. त्यांनी तशा पाट्याही लावल्या आहेत. पाट्या वाचा.

घर आतून बघता येईल?

ओळख असेल तर. नसेल तर नाही. हे संग्रहालय नाही, त्यामुळे तिकीट नाही, वेळ नाही आणि हक्कही नाही.

कधी यावं? किती वेळ लागतो?

नुसती चालायची म्हटलं तर वाडी दहा मिनिटांत संपते. नीट बघायला पाऊण तास पुरे. हिवाळ्यात सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ऊन तिरपं येतं आणि झालरींच्या सावल्या भिंतींवर पडतात, ती वेळ उत्तम. रविवारी सकाळी लोक चर्चला निघालेले असतात, तेव्हा त्यांना वाट द्या. दुपारी एक ते चार येऊ नका. वाडी झोपलेली असते.

नाताळच्या आठवड्यात घराघरांवर कागदी चांदण्या आणि गव्हाणीचे देखावे असतात. बघण्यासारखं असतं, पण गर्दीही तेव्हाच. पावसाळ्यात कौलं धुऊन निघतात, शेवाळ हिरवंगार होतं आणि फरशा निसरड्या. माझी आवडती वेळ तीच. चपला मात्र पट्ट्याच्या घाला.

खायला काय मिळेल?

वाडीच्या आत ‘आयडियल’चे वेफर मिळतात. बटाट्याचे, ताजे, कागदात बांधून. अर्धा किलो घ्या, पाव किलो लोकलमध्येच संपतो.

‘अनंताश्रम’ कुठे आहे असं विचारणारे अजून भेटतात. ती मासळीच्या जेवणाची खानावळ याच वाडीत होती आणि दूरदूरहून लोक यायचे. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. माझे वडील तिथल्या सुरमईबद्दल ज्या सुरात बोलायचे, त्या सुरात ते आमच्या आईच्या कुठल्याही पदार्थाबद्दल बोलले नाहीत. आईने हे कधी विसरू दिलं नाही.

ईस्ट इंडियन जेवण हॉटेलात सहसा मिळत नाही. ते घरचंच. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीसेक प्रकारचे मसाले वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात, तो ‘बॉटल मसाला’. वर्षाची बेगमीच ती. नाताळात फुगे म्हणजे तळलेले गोलसर पाव, डुकराच्या मांसाचं सोरपोतेल किंवा इंद्याल, आणि पोरांसाठी कुलकुल म्हणजे तळलेला गोड खाऊ. लहानपणी आमचा चेंडू एका घराच्या व्हरांड्यात वारंवार जायचा. तिथल्या आंटी आधी ओरडायच्या आणि मग डिसेंबर असेल तर हातावर दोन फुगे ठेवायच्या. डिसेंबरात आमचे नेम फारच चुकायचे.

वाडीबाहेर आलात की गिरगाव आहेच. मिसळ, थालीपीठ, पियूष, साबुदाणा वडा. यावर वाद घालायला वेगळा दिवस लागेल.

घरं कमी होत चालली आहेत म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. एके काळी पासष्टच्या आसपास घरं होती, आता त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. काही ठिकाणी उंच इमारती आल्या आहेत आणि त्यांच्या सावलीत एखादं एकमजली घर अंग चोरून उभं असलेलं दिसेल.

बाहेरून आलेला माणूस लगेच म्हणतो, “काय हे, विकतात कशाला?” त्याला मी हिशोब मांडायला सांगते. लाकडी घर दर दोन-चार पावसाळ्यांनी डागडुजी मागतं. वाळवी लागते, कौलं फुटतात, वासा बदलायचा तर जुन्या सागवानाच्या तोडीचं लाकूड मिळत नाही आणि मिळालं तर ते बसवणारा सुतार मिळत नाही. घर आजोबांच्या नावावर आणि वारस नऊ. त्यांतले तिघं वसईला, चौघं कॅनडा-ऑस्ट्रेलियात. खर्चाला कोणी एकच उभा राहतो आणि विकायच्या वेळी सह्या नऊ लागतात. शिवाय जागा दक्षिण मुंबईतली. बिल्डर दारात उभा असतो आणि तो देईल म्हणतो ती रक्कम त्या घरातल्या माणसाने जन्मभर पाहिलेली नसते.

बाकी गिरगावाची गोष्ट थोडी वेगळी, पण शेवट तोच. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला छप्पर टिकलं, हे खरंच. पण त्या भाड्यात मालक चाळीला चुनाही लावीना. चाळी खचल्या आणि पुनर्विकास आला. मेट्रोच्या स्टेशनांसाठीही गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती गेल्या.

वारसा जपण्याचे नियम मुंबईत १९९५पासून आहेत. नियमाने पाडकाम अडतं, गळकं छप्पर थांबत नाही. घर जपा असं सांगणाऱ्या आपण सगळ्यांनी कौलांचा खर्च कोणी करायचा ते आधी सांगावं, असं मला वाटतं. तरीही जे वाडीकर हट्टाने घरं राखून आहेत, त्यांचं मला फार कौतुक आहे. तो हट्ट आहे हे त्यांनाही माहीत असतं.

त्याच फेरीत आणखी काय होईल?

केशवजी नाईक चाळ. खाडिलकर रोडवर, चालत जाण्याजोगी. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३मध्ये सुरू झाला आणि १९०१मध्ये लोकमान्य टिळक इथे आले होते. गणपती आजही छोटा आणि मातीचाच असतो. लालबागची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही शांतता खरी वाटत नाही. पलीकडे प्रार्थना समाज आहे. संस्था १८६७ची, पण बसच्या कंडक्टरमुळे ते नाव आता एका चौकाचं झालंय. मॅजेस्टिक थिएटर, जिथे १९३१मध्ये भारताचा पहिला बोलपट लागला, ते मात्र शोधू नका. तिथे आता दुकानं आहेत.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, जमेल? लहान मुलं?

वाडीत चढ नाही, त्यामुळे जमेल. बसायला बाकडं मात्र नाही आणि दुसऱ्याच्या ओट्यावर विचारल्याशिवाय बसायचं नाही. स्वच्छतागृह वाडीत मिळणार नाही, तेव्हा ते काम बाहेर खाऊन घेताना उरका. मुलांना आणा. फक्त चेंडू आणू नका.

मुंबईत अशा आणखी जागा आहेत?

माझगावची माथारपाखाडी, हीसुद्धा ईस्ट इंडियन वस्ती. टिळकांचे सहकारी आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा तिथले. वांद्र्यातलं रानवार. आणि अगदी वेगळ्या जातीची म्हणजे वाळकेश्वरला बाणगंगा तलावाभोवतीची गल्ली, पायऱ्या, दीपमाळा आणि बदकांसकट. एका दिवसात सगळं करू नका. पाय दुखतील आणि घरं एकमेकांत मिसळतील.

वाडीत वाट चुकली तर?

चुकायला फार जागा नाही. कुठलाही बोळ पकडलात तरी दोन मिनिटांत एक तर मुख्य रस्ता लागतो, नाही तर कोणाच्या तरी स्वयंपाकघराचं दार. दार लागलं तर “सॉरी हं आंटी” म्हणून मागे फिरायचं. आंटी हात करून वाट दाखवतात. दुपारी एकनंतर गेला असाल तर दाखवणार नाहीत.